पितळाला लोकरीचं मेण

सोमवारी संध्याकाळी गुद्रुनचा फोन आला आणि अहिल्या पुकळेनं थापलेली भाकरी तव्यात टाकायची सोडून, ती तशीच हातावर घेऊन स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. तिची आई, लताबाई, टेबलाशी लसूण सोलत होती. तिला वाटलं, लेकीला इंचू चावला. जर्मनीत जानेवारीत इंचू कुठला, पण माणदेशातल्या बाईला पहिल्यांदा तेच सुचणार.

झालं होतं ते असं. नेकारसुल्मपासून चार गावं पलीकडं एक नेमबाजांचा क्लब आहे. अहिल्या तिथं बरीच वर्षं जाते. क्लबाच्या उन्हाळी जत्रेत तिचे समोसे प्रसिद्ध, ख्रिसमसला तिचा चिवडा प्रसिद्ध. नेमही चांगला, हे सगळ्यांना माहीत. पण तिघांच्या संघात तिचा नंबर कधी लागला नव्हता. संघ म्हणजे गुद्रुन, तिचा भाऊ आणि म्हातारा एगोन. हे त्रिकूट इतकं जुनं की त्यांची नावं एका दमात घ्यायची सवयच पडलेली. आता एगोनच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं आणि जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर आली होती. गुद्रुन धंद्यानं पाववाली, पहाटे उठून भट्टी पेटवणारी, बोलायला कंजूष. तिनं फोनवर एवढंच सांगितलं की शनिवारी सकाळी ये, एगोनची रायफल घे, पाच गोळ्या मार. पाचही भोकं एका बिअरच्या चकतीखाली झाकली गेली तर एगोनची जागा तुझी. नाही झाकली तर संघ यंदा उतरणार नाही.

बिअरचा ग्लास ठेवायची ती गोल पुठ्ठ्याची चकती. क्लबाचं माप तेच. संघात नवीन माणूस घ्यायचा तर कागद, अर्ज, मतदान काही नाही. चकती आणायची आणि निशाणावर ठेवायची.

अहिल्याला ती जागा हवी होती. समोसेवाली म्हणून पुरे झालं होतं.

एवढं कशाला पाहिजे, हे तिच्या नवऱ्याला कधी कळलं नाही. हृषिकेश पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, फुगा फुटला तरी दचकणारा. बायको तळघरात काडतुसं भरते हे तो पुण्यात कुणाला सांगत नाही. "तिला मेटलवर्कची आवड आहे" म्हणतो. पण लताबाईला कळलं होतं. ही पोर मेंढरांमागं हिंडायची तेव्हा गोफणीनं पुढच्या मेंढराच्या शिंगाला खडा लावायची, मेंढराला नाही, शिंगाला. म्हसवडच्या अलीकडं माळावर तिच्या बापाचा कळप असायचा. तिथून ती शाळेत गेली, कराडला इंजिनीअर झाली, चाकणला नोकरीला लागली आणि तिथून इकडं आली. आता गाड्यांच्या कारखान्यात प्रेसवेर्कमध्ये असते. सपाट पत्रा एका बाजूनं आत जातो आणि दुसऱ्या बाजूनं गाडीचा दरवाजा होऊन बाहेर पडतो. मधे ज्या डाय, म्हणजे पोलादी साचे, असतात त्या तिच्या ताब्यात. डायला तेल कुठलं, किती, कुठं जास्त, कुठं कमी, हे ठरवायचा तिला पगार मिळतो. हे लक्षात ठेवा, कारण शुक्रवारी ती हे सगळं साफ विसरली.

एगोनची रायफल जुनी, स्विस बनावटीची, दुर्बीण नसलेली. तिला दुकानातली काडतुसं मानवत नव्हती. त्या गोळ्या वाटाणे उधळल्यासारख्या जायच्या. एगोन स्वतः भरायचा. एकदा उडालेल्या काडतुसाची रिकामी पितळी नळी टाकून द्यायची नाही. साफ करायची, पुन्हा मापात आणायची, नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवायची. इथं त्याला सरकारी परवाना लागतो. अहिल्यानं गेल्या साली त्याचा कोर्स करून, परीक्षा देऊन तो काढला होता. एगोननं दवाखान्यातूनच निरोप दिला की माझी डाय घेऊन जा, नळ्यांची पिशवी घेऊन जा, तेलाची स्प्रेची बाटलीही तिथंच आहे. रायफल चालवायला शिकवताना तो जितका बोलला नसेल तितका त्या दिवशी बोलला.

आता मुद्दा तेलाचा. बार उडाला की पितळी नळी फुगते. तिला पोलादी डायमध्ये दाबून पुन्हा बारीक करायची. पितळ कोरडं गेलं तर आत जाऊन असं बसतं की वर येत नाही. म्हणून आधी काहीतरी लावायचं. काय लावायचं, यावर क्लबात इतकी भांडणं होतात की बिअर गरम होऊन जाते. गुद्रुन डबीतलं मेण बोटानं लावते. तिचा भाऊ इंजिनाच्या ऑइलवर अडून बसलेला. एगोन स्प्रे मारायचा आणि कुणाशी वाद घालायचा नाही.

शुक्रवारी अहिल्याची सकाळची पाळी. दुपारी घरी आली, चार घास खाल्ले आणि आईला म्हणाली, "आये, चल खाली. तुला दावते काय करते ते." लताबाईनं स्वेटरवर शाल घेतली, शालीवर हृषिकेशचं जॅकेट घेतलं आणि दोघी तळघरात उतरल्या. तिथं भिंतीला सायकली, लोणच्याच्या बरण्या, आणि कोपऱ्यात बाकाला ठोकलेली हाताची प्रेस. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ.

एगोनच्या बाटलीचं तोंड चिकटून बसलं होतं. दाबलं तर फुसदेखील होईना. गुद्रुनला फोन करून मेण मागावं, तर ती म्हणणार, तयारी नाही तर कशाला हो म्हणालीस. अहिल्यानं इकडं तिकडं पाहिलं. वरच्या फळीवर खोबरेल तेलाची निळी बाटली.

आता यात तिची चूक म्हणावी तर आहे, म्हणावी तर नाही. आपल्या घरात शिलाई मशीन कुरकुरलं, खोबरेल. दाराची बिजागरी, खोबरेल. ओठ फुटले, टाच फुटली, कुलूप अडलं, पोराच्या डोक्यात च्युइंगम अडकलं, खोबरेल. ज्या बाईनं दिवसभर पोलादाच्या डायवर तेलाचा थर मोजला, तिचाच हात घरी आल्यावर त्या निळ्या बाटलीकडं गेला. तेल गोठून पांढरं दगड झालं होतं. वर जाऊन बाटली गरम पाण्याखाली धरली, पातळ झालं, धावत खाली आणलं आणि नळ्यांना चोपडलं.

पहिली नळी डायमध्ये गेली. बाहेर आली तर तिच्या खांद्यावर, जिथं ती तोंडाकडं निमुळती होते तिथं, खळी. दुसरीच्या खांद्यावर दोन खळ्या. गार पितळाला लागताच तेल पुन्हा गोठत होतं. जाड थर आत दबायला जागा नाही, मग तो पितळालाच आत ढकलत होता. अहिल्या स्वतःवरच हसली. असा डाग दरवाजाच्या पत्र्यावर आला असता तर तिनं अख्खी पाळी थांबवली असती.

"जास्त झालं," ती म्हणाली, आणि तिसरी नळी पुसून पुसून नुसती ओशट ठेवली.

तिसरी नळी आत गेली आणि राहिली.

तिनं दांडा वर ओढला. बाक हलला, सायकल हलली, नळी हलली नाही. दोन्ही पाय रोवून ओढला तेव्हा नळीच्या बुडाची पितळी कड सोलून हातात आली. डाय एगोनची. त्या मापाची दुसरी डाय क्लबात नव्हती, गावात नव्हती, शुक्रवारी दुपारनंतर कुठल्या दुकानात मिळायची शक्यता नव्हती.

वरून हृषिकेश काय आवाज झाला म्हणून आला. त्यानं पाहिलं, त्याला काही कळलं नाही, पण बायकोचा चेहरा कळला. तो म्हणाला की सोमवारी ऑनलाइन मागवू. अहिल्यानं त्याच्याकडं असं बघितलं की तो चहा टाकायला वर गेला.

लताबाई म्हणाली, "रुतलंय व्हय?"

"रुतलंय."

"मग काढ की. तुझं रोजचं काम न्हाई का त्ये? कंपनीत काय नुस्ती हजेरी लावतीस?"

या बोलण्यानं अहिल्याच्या डोक्यातली प्रेसवेर्क चालू झाली. खरंच की. रुतलेला पत्रा डायमधून काढणं हे तिचं रोजचं काम होतं. तिनं डाय प्रेसवरून उतरवली, बाकावरच्या शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, घट्ट धरली, जुनी टोपी ढकलणारी आतली सुई फिरवून वर काढून घेतली. मग रुतलेल्या नळीच्या बुडाला ड्रिल मारलं. पितळेचा सोनेरी भुसा जॅकेटवर उडाला. त्या भोकात टॅप फिरवून आटे पाडले, वर एक जाड नळकांडं आणि वॉशर ठेवला, बोल्ट पिळला. बोल्ट पिळत जाईल तशी नळी वर यायला हवी. एक वेढा झाला, काही नाही. दुसरा झाला, काही नाही. तिसऱ्या वेढ्याला पितळ कुईं करून ओरडलं आणि सरकलं.

अहिल्यानं डाय उजेडाकडं धरली. आतून आरशासारखी लख्ख. ओरखडा नाही.

तिला इतका आनंद झाला की तिनं आईचा मुका घेतला. लताबाईनं गाल पुसला. तेलकट झाला होता.

डाय वाचली, पण लावायला काही नव्हतं. खोबरेलाची बाटली अहिल्यानं स्वतः नेऊन वर मोरीत ठेवली. मग बाकावर बसून तिनं एगोनची ती चिकटलेली बाटली हातात घेतली. फवारा बंद, पण झाकण तर आहे. तिनं पक्कडीत धरून झाकण पिळलं, ते सुटलं. आतलं पातळ सगळं उडून गेलेलं, तळाशी पिवळं, चिकट, मधासारखं काहीतरी. तिनं काडीनं थोडं काढलं, बोटांत चोळलं. पातळ असून पळत नव्हतं. दाबलं तरी बोटांच्या मधे राहत होतं. हेच पाहिजे असतं, ती स्वतःशी म्हणाली. दाब आला की पळून जाणारं तेल कामाचं नाही, दाब आला की जागा धरून बसणारं पाहिजे.

आणि मग तिला वास आला.

बोट नाकाशी धरून तशीच बसली. मग तेच बोट तिनं आईपुढं केलं.

"हुंग."

लताबाईनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. तिचे डोळे बारीक झाले, मग मोठे झाले.

"आगं, ही तर मेंढी हाय."

"हाय का न्हाई?"

"मेंढीच. कातरायच्या आदी नदीत धुतली न्हाई का, तसली. पावसात भिजल्याली." लताबाईनं ते आपल्या तळहाताला चोळलं. "आमचं हात रातीला असंच असायचं. लोकर कातरून कातरून. बोटं मऊ, कातरीचं लोखंड बी कधी गंजायचं न्हाई. आन ह्या म्हाताऱ्यानं बाटलीत भरून ठिवलंय?"

दोघी हसायला लागल्या. लताबाई जास्त हसली. मेंढराच्या अंगावरचा चिकटा, जो धुवून नदीला सोडायचा, घोंगडी विणायच्या आधी लोकरीतून काढता काढता हात दुखायचे, तो इथले लोक पितळाला अत्तरासारखा फवारतात. तिला हे कुणाला तरी सांगायचं होतं, म्हणून ती जिन्यातून वर ओरडली, "जावयबापू, हितं या, मेंढी हुंगा." हृषिकेश आला नाही. इरा आली, अहिल्याची नऊ वर्षांची लेक. तिनं नाक धरलं आणि "एस श्टिंक्ट" म्हणून पळाली. घाण वास येतोय, असं म्हणाली म्हणून अहिल्यानं आईला सांगितलं. लताबाई म्हणाली, येऊ दे, तिच्या आज्याच्या अंगाला ह्योच वास यायचा.

बाटलीच्या तळाशी उरलेलं सगळ्या नळ्यांना पुरणार नव्हतं. लोकरीचं हे मेण औषधांच्या दुकानात मिळायचं, पण ते सहाला बंद व्हायचं. अहिल्यानं सायकलला टांग मारली असती, पण लताबाई यायचीच म्हणाली, मग दोघी चालत, जवळजवळ पळत गेल्या. रस्त्यात बर्फाचा चिखल झालेला. लताबाई साडीच्या निऱ्या मुठीत धरून, बुटांत, जावयाच्या जॅकेटमध्ये, आणि तोंडानं एकच, की चल लवकर, दुकान झाकल.

अपोटेकेतली, म्हणजे त्या औषधांच्या दुकानातली, बाई टापटीप, पांढऱ्या कोटातली. अहिल्यानं वोलवाक्स मागितलं, लोकरीचं मेण, शुद्ध, वासाचं काही न घातलेलं. बाईचा चेहरा फुलला. तिनं अहिल्याचं मनापासून अभिनंदन केलं आणि विचारलं, बाळ किती दिवसांचं. अहिल्याला क्षणभर काही कळेना. मग कळलं की बाळंतिणींना छातीला लावायला हेच देतात. ती म्हणाली की बाळ नाही, काडतुसांसाठी पाहिजे. बाईचं हसू तसंच राहिलं, पण जरा मागं सरकलं. अहिल्यानं घाईघाईनं नेमबाजीचा क्लब, परवाना, एगोन, स्पर्धा सगळं सांगितलं. एगोनचं नाव ऐकल्यावर बाईचा जीव भांड्यात पडला. तोसुद्धा इथूनच नेतो, ती म्हणाली. गेली कित्येक वर्षं ती समजत होती की त्याला कातडीचा आजार आहे.

लताबाईनं विचारलं काय म्हणाली. अहिल्यानं सांगितलं. लताबाई काउंटरला धरून इतकी हसली की मागं उभ्या असलेल्या आजोबांनी तिला खुर्ची आणून दिली.

सोबत घेतलं शुद्ध अल्कोहोल. घरी येऊन अहिल्यानं थोडं मेण कोमट पाण्यात ठेवून पातळ केलं, अल्कोहोलमध्ये मिसळलं, घरातल्या दुसऱ्या एका फवाऱ्याच्या बाटलीत भरून हलवलं. दुधासारखं झालं. एका थाळीत खोबरेल पुसलेल्या नळ्या आडव्या घालून त्यांच्यावर बारीक फवारा मारला आणि लगेच हात लावायला गेलेल्या आईचा हात धरला. थांबायचं. अल्कोहोल उडून जाऊ द्यायचं, मागं नुसतं मेण राहिलं पाहिजे. ओलं असतानाच दाबलं की पुन्हा रुतणार. या वेळी ती डोक्यानं चालली होती, हाताच्या सवयीनं नाही. पहिली चाचणी खळी पडलेल्या नळीवर, चांगल्यांना हात नाही. हा नियम तिच्या विभागात भिंतीवर लावलेला आहे.

नळी डायखाली ठेवली. दांडा खाली ओढला.

आवाज नाही. अडकणं नाही. लोण्यात सुरी गेल्यासारखा दांडा खाली गेला आणि तसाच वर आला. नळी हातात. खांद्यावर नवी खळी नाही, जुनी तेवढी तशीच. अहिल्यानं मापाच्या ठोकळ्यात ती टाकून पाहिली, बरोबर बसली.

"पुन्यांदा कर," लताबाई म्हणाली. तिनंच पुढची नळी उचलून दिली.

मग त्यांची पाळी लागली. आई देणार, लेक दाबणार, आई घेऊन फडक्यावर पुसणार. मेण पुसून काढलंच पाहिजे, नाहीतर नळी रायफलीत नीट बसत नाही आणि आतल्या दारूला लागलं तर ती बिघडते. लताबाईला पुसायचं काम मनापासून आवडलं. ती एकेक नळी जॅकेटच्या बाहीवर शेवटचा हात फिरवून, सोन्याच्या पाटलीसारखी लखलखीत करून ठेवायला लागली आणि मधेच बाहीकडं बघून म्हणाली की जावयाला सांगू नको. दारू भरायची वेळ आली तेव्हा अहिल्यानं तिला वर पाठवून दिलं. त्या कामाला ती एकटीच बसते, बोलणं नाही, फोन नाही. जेवायच्या वेळेला ती वर आली तेव्हा भरलेली काडतुसं कपाटात कुलपात होती आणि तिचे दोन्ही हात मऊ झालेले होते.

शनिवारी क्लबाच्या मैदानावर धुकं होतं. ते उठेपर्यंत गुद्रुननं निशाणाचा कागद लावून घेतला. लताबाई बाकावर बसली होती, कानावर मोठे लाल कर्णरक्षक, त्यावरून पदर. हृषिकेशही आला होता. तो गाडीत बसून राहणार होता, पण सासूबाई बाकावर बसलेल्या पाहून बिचारा बाहेर आला आणि दोन्ही बोटं कानांत घालून तिच्याशेजारी बसला.

अहिल्या चटईवर पालथी पडली. एगोनच्या रायफलीचा दस्ता गालाला गार लागला. पहिलं काडतूस आत सरकलं, खिट्टी बसली, अडलं नाही. काल असलंच पितळ डायमध्ये रुतून बसलं होतं. तिनं श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

पाच वेळा झालं. मधे तिनं कुणाकडं बघितलं नाही.

गुद्रुन निशाणाकडं चालत गेली. शंभर मीटर म्हणजे काही फार नाही, पण ती पाववाली असल्यामुळं कुठल्याही गोष्टीला पाव भाजायला लागतो तेवढा वेळ घेते. सगळे मागोमाग गेले. काळ्या वर्तुळात चार भोकं जवळजवळ, पाचवं उजवीकडं जरा लांब. गुद्रुननं खिशातून चकती काढली, चार भोकांवर ठेवली. पाचव्याची कड बाहेर दिसत होती.

गुद्रुननं चकतीवर एक बोट ठेवलं आणि ती उजवीकडं सरकवली. हळूच, दळलेल्या मैद्यावर बोट फिरवावं तसं. पाचवं भोक झाकलं गेलं. सगळ्यांनी डावीकडं बघितलं. डावीकडचं पहिलं भोक अजून चकतीखालीच होतं. कसंबसं, पण खालीच. तिनं वाकून वरून पाहिलं, खालून पाहिलं, आपल्या भावाला पाहायला लावलं. भावानं मान हलवली.

"गेनाऊ," गुद्रुन म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. आणि चकती खिशात घातली.

लताबाईनं पदराखालून कर्णरक्षक काढले आणि विचारलं, "लागलं का?" हृषिकेशनं कानातली बोटं काढली आणि म्हणाला, "लागलं, आई." त्याच्या आवाजात त्यालाच न समजणारा अभिमान होता.

गुद्रुननं एगोनला आपणच कळवू असं सांगितलं. मग अहिल्याकडं वळून म्हणाली की स्पर्धेचा शनिवार लक्षात ठेव, पहाटे निघायचं आहे, कारखान्यात त्या दिवशीची पाळी बदलून घ्यावी लागेल, तिथं बोलावं लागेल.

"ती मी सोमवारीच, तुझा फोन ठेवल्या ठेवल्या बदलून घेतलीय," अहिल्या म्हणाली.